शूळ, कुलंज आणि निदान

मराठी भाषेने पोटाच्या दुखण्याला फारशी सहानुभूती दाखवलेली नाही. दुसऱ्याचे बरे न पाहवणाऱ्या माणसाला ‘पोटशूळ उठला’ असे आपण म्हणतो. शाळा चुकवणाऱ्या मुलाची पहिली सबब पोटदुखीचीच असते. सूज डोळ्यांना दिसते, ताप हाताला लागतो. पोटातली कळ मात्र ज्याची त्यालाच ठाऊक. म्हणून तिच्याविषयी संशय लवकर उपजतो, आणि जिचे कारण वर्षानुवर्षे सापडत नाही तिच्या वाट्याला तो अधिकच येतो. अशा वेदनेचा इतिहास आम्हांस मराठवाड्याच्या भूमीवरून पाहावासा वाटतो.

या भूमीतील सर्वांत परिचित पोटदुखी ‘गुरुचरित्रा’च्या तेराव्या अध्यायात आहे. गोदाकाठच्या वासर क्षेत्री, म्हणजे आज तेलंगणात असलेल्या बासर येथे, पोटशूळाने गांजलेला एक ब्राह्मण नदीत प्राण द्यायला निघतो. अन्न पोटात गेले की कळ उठते, म्हणून तो पंधरा दिवसांतून किंवा महिन्यातून एकदा जेवतो. श्रीनृसिंह सरस्वती त्याला थांबवून कारण विचारतात, तेव्हा ‘विचारून काय करणार?’ अशा अर्थाचे उत्तर तो देतो. पुढे सायंदेवाच्या घरी भोजन होते आणि व्यथा जाते. भाविक त्यात गुरुकृपा पाहतो. आमचे लक्ष मात्र त्या उत्तराकडे जाते. असंख्यांना सांगून थकलेल्या रुग्णाचा स्वर त्यात आहे. सायंदेवाची भीतीही तितकीच खरी आहे: जेवू घातले आणि हा दगावला तर पाप कोणाच्या माथी? उपचार करणाराचा हा संकोच आजही मावळलेला नाही.

वैद्यकाने या वेदनेला नावे देण्याचा प्रयत्न फार पूर्वी केला. ‘माधवनिदान’ या ग्रंथात शूळाचे स्वतंत्र प्रकरण आहे. अन्न पचू लागताना उठणारा तो परिणामशूळ. पचनाच्या अवस्थेशी ज्याचा मेळ बसत नाही तो अन्नद्रवशूळ. कळ केव्हा उठते आणि कशाने शमते, या प्रश्नांवर हे वर्गीकरण उभे आहे. युनानी हकिमांनी अशाच कळीला ‘कुलंज’ म्हटले. इब्न सिनाने कुलंजावर स्वतंत्र प्रबंध लिहिला, आणि १०३७ साली हमदान येथे तो त्याच व्याधीने गेला. ज्ञान होते, वेदनाही होती. तरी सुटका नव्हती.

औरंगाबादच्या (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शहागंजसारख्या जुन्या बाजारपेठेत या दोन्ही परंपरांचे शब्द शेजारी नांदले. शहागंजच्या इतिहासाची एक बाजू पाण्याची आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सय्यद हुसेन अलीने येथे मोठ्या हौदाचे काम आरंभले, आणि उन्हाळ्याच्या टंचाईत तो रहिवाशांना आधार देतो, असे खाफीखानाने नोंदवले. पाणी मुबलक असणे आणि ते निर्दोष असणे या मात्र निराळ्या गोष्टी. अमांश, विषमज्वर, जंत यांची वाट पाण्यातून जाते, ही समज पुष्कळ उशिरा आली.

याच शहराच्या परिसरात, राक्षसभुवनच्या विजयानंतर, १७६३ साली थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाशी तह केला. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे राजयक्ष्म्याने त्यांचा अंत झाला. तो आतड्यांचा क्षय असावा, असे पुढे मानले गेले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली दाखवला. पेशव्यांच्या पदरी वैद्यांची वाण नव्हती. वाण होती ती एकशे दहा वर्षांनी लागायच्या शोधाची.

येथे आमचे मुख्य म्हणणे येते. नाव नेहमी वेदनेच्या मागून येते. नाव सापडले नाही म्हणून वेदना खोटी ठरत नाही. जठरव्रणाचेच पाहा. विसाव्या शतकात कित्येक दशके रुग्णांना ‘तिखट सोडा, काळजी सोडा’ असे सांगितले गेले. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल यांना रॉबिन वॉरन यांच्यासह काम करताना जठरातील एक जीवाणू वाढवण्यात यश आले आणि बहुसंख्य व्रणांचे मूळ हाती लागले. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. रुग्णांच्या स्वभावावर ठेवलेला ठपका एका जंतूने पुसला.

उरलेल्यांचे काय? शहागंजातून घाटीची, म्हणजे १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची, वाट लांब नाही. निदानाची वाट मात्र लांबते. रक्त, सोनोग्राफी, एन्डोस्कोपी. फाईल जाडावते आणि प्रत्येक अहवालावर ‘नॉर्मल’. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. रुग्णाला मात्र तो आपल्यावरचा अविश्वास वाटतो. वजन घटणे, ताप, रक्त पडणे, झोपेतून उठवणारी कळ ही लक्षणे असतील तर शोध थांबवू नयेच. आपल्याकडे पोटाचा क्षय आजही विसरता येत नाही. पण ती नसतानाही दुखू शकते. आतड्यांना स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते आणि मेंदूशी त्याचा संवाद अखंड चालतो. तो बिघडला की रचना शाबूत असूनही कळ उठते. रोम निकषांच्या २०१६ च्या आवृत्तीने अशा विकारांना आतडे व मेंदू यांच्या परस्परसंबंधांचे विकार मानले. ‘मनाचे खेळ’ या शेऱ्याहून हे नाव अधिक प्रामाणिक आहे.

डॉक्टर रुग्णाची ‘हिस्ट्री’ घेतात, हा शब्द आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. केव्हा दुखले, काय खाल्ले होते, कशाने थांबले, पाळीशी काही मेळ आहे का, याची रोजची टिपणे ठेवणारा रुग्ण आपल्या देहाचा बखरकारच होतो. माधवनिदानकारांचे प्रश्नही हेच होते. यंत्रे वाढली, विचारण्याची आणि ऐकण्याची गरज कमी झाली नाही. ‘विचारून काय करणार?’ या प्रश्नाला नाव सापडेपर्यंतचे उत्तर एकच: तुमचे दुखते आहे हे मानून पुढचा प्रश्न विचारणार. ‘निदान’ या मराठी शब्दाचा दुसरा अर्थ ‘कमीत कमी’ असाही आहे. रुग्णाचे कमीत कमी देणे ते हेच.