इंटरनेटचे लांबलेले स्थलांतर

बिऱ्हाड हलवणे किती जिकिरीचे असते, हे गृहस्थाश्रमी माणसाला सांगायला नको. परंतु इंटरनेटचे एक बिऱ्हाड पाव शतकाहून अधिक काळ हलतेच आहे, ही हकीगत पुष्कळांना नवी वाटेल.

वास्तविक पहिले स्थलांतर एका दिवसात उरकले होते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘अर्पानेट’ या जाळ्यावर १ जानेवारी १९८३ रोजी संदेशवहनाचे जुने नियम बंद झाले आणि नवे लागू झाले. जॉन पोस्टेल यांनी त्याचा आराखडा १९८१ मध्येच प्रसिद्ध केला होता. यंत्रे जेमतेम काही शेकडा, आणि हुकूम देणारा धनी एकच! थोडी तारांबळ उडाली, पण घडी बसली.

त्या नियमांत प्रत्येक यंत्राचा पत्ता ३२ द्विमान अंकांचा होता. म्हणजे पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्या काळी ही संख्या अफाट वाटली; परंतु ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठेही वाटून संपले. १२८ अंकी पत्त्यांचा नवा नियम, आयपीव्ही-६, तर १९९८ मध्येच लिहून तयार होता. मग अडले कुठे?

अडले जुन्या यंत्रांपाशी. संदेशाला वाट दाखवणाऱ्या अनेक राउटरांत ३२ अंकी पत्ता वाचण्याची रीत वेगासाठी थेट चिपेतच कोरलेली होती. नवा पत्ता आला की काम मंदगती मुख्य प्रोसेसरवर पडे, किंवा होतच नसे. चौपट लांब पत्त्यांना स्मृतीही अपुरी पडे. अशा ठिकाणी नवी आज्ञावली घालून भागत नाही. यंत्रच बदलावे लागते. शिवाय जुना व नवा नियम परस्परांना उमजत नाहीत, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी चालवावे लागतात.

दरम्यान १९९४ मध्ये एक तोडगा पुढे आला होता. वाड्याला घरक्रमांक एक आणि आत बिऱ्हाडे अनेक, त्याप्रमाणे एका पत्त्यामागे अनेक यंत्रे नांदू लागली. सोय झाली, पण खर्च पुढे ढकलण्याला निमित्तही मिळाले.

आपल्याकडे ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या जिओने आरंभापासूनच नवे पत्ते दिले. मोडीत काढावी अशी जुनी यंत्रे तिच्यापाशी नव्हती. नव्या घराला नवी चौकट सहज बसते. खरी कसोटी राहत्या घराची असते. १९८३ साली हुकूम सोडणारा धनी होता. आज इंटरनेटला असा धनी नाही, म्हणून मुहूर्तही नाही; ज्याने त्याने आपल्या सवडीने, आपल्या पैशाने आपले सामान हलवायचे आहे.