गाडीच्या एसीतून कुबट वास येतोय? आधी ओलावा घालवा

यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळाभर गाडीचा एसी चालूच असतो. मग पहिला पाऊस पडतो आणि एसी सुरू करताच ओल्या पायमोज्यांसारखा वास येतो. पुष्कळ जण अत्तराचा फाया ठेवतात किंवा डॅशबोर्डवर परफ्यूमची डबी चिकटवतात. यानं वास झाकला जातो, जात नाही. शिवाय घरात दम्याचा पेशंट, लहान मूल किंवा बुजुर्ग असतील तर बुरशीसोबत परफ्यूमचाही त्रास होऊ शकतो. म्हणून वास येतो कुठून, हे आधी समजून घेऊ.

वास का येतो?

डॅशबोर्डच्या आत एसीची कूलिंग कॉईल असते. थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून घाम फुटतो, तसंच हवेतल्या बाष्पाचं पाणी या कॉईलवर जमतं. ते एका नळीतून गाडीखाली टपकतं. एसी बंद केल्यावर कॉईल मात्र ओलीच राहते. त्यावर धूळ बसते आणि अंधारात बुरशी व जिवाणू वाढतात. कूलरमधला वाळा ओला राहून सडला की जो वास येतो, त्याचाच हा भाऊ. आपल्याकडे कापसाची, शेतरस्त्याची आणि वणी भागात कोळशाची धूळ भरपूर, त्यामुळे कॉईल लवकर मळते.

घरी काय करता येईल?

१. एसीचा फिल्टर पाहा. बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डच्या खणामागे असतो. काही जुन्या किंवा स्वस्त मॉडेलमध्ये नसतोही. काळा पडला असेल किंवा ओलसर असेल तर सरळ बदला. कागदी फिल्टर धुऊन परत लावू नका. नवा लावताना त्यावरच्या बाणाची दिशा पाहा.

२. पाणी टपकतं का बघा. दमट हवेत एसी चालू असताना गाडीखाली थेंब पडायला हवेत. थेंब नाहीत आणि पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं असेल, तर नळी तुंबलेली असण्याची शक्यता मोठी. ती मेकॅनिककडून साफ करून घ्या.

३. कॉईल वाळवा. गाडी मोकळ्या जागेत उभी करा आणि काचा उघडा. इंजिन चालू ठेवून फक्त एसीचं बटण बंद करा. बाहेरची हवा आत घ्या, तापमान गरम बाजूला करा आणि ब्लोअर दहा मिनिटं जोरात चालवा. बंद गॅरेजमध्ये हे कधीच करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. याच कारणानं इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपूही नये.

४. एवढ्यानं भागलं नाही तर कॉईल साफ करायचा फोम स्प्रे मिळतो. डब्यावरच्या सूचनेप्रमाणेच वापरा आणि नंतर गाडी उघडी ठेवून हवा खेळू द्या. फिनाईल, ब्लीच, ॲसिड आत मारू नका. त्यानं कॉईल गंजू शकते आणि वाफ छातीत जाते. स्पिरिट पेट घेतं, तेही नको.

डॅशबोर्ड खोलून कॉईल काढणं हा शेवटचा उपाय. खर्च मोठा असतो, म्हणून वरची कामं आधी करून घ्या आणि काम सुरू होण्याआधी अंदाज लिहून मागा.

हे वास वेगळे आहेत

- गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट धुकं: कूलंट गळत असावं. ते विषारी असतं, मुलांना दूर ठेवा.
- पेट्रोलचा किंवा जळका वास: गाडी थांबवा, बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा.
- सडका वास: हवेच्या मार्गात उंदीर मेलेला असू शकतो. शेताजवळ उभ्या गाड्यांत असं होतं.

पुराचं पाणी शिरलं असेल तर

जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत यवतमाळ शहरात घरांत पाणी शिरलं होतं आणि महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक अडकले होते. अशा पाण्यात बुडालेल्या गाडीचा वास एसीपुरता नसतो. कार्पेटखालचं फोम दिवसेंदिवस ओलं राहतं. अशी गाडी सुरू करून बघू नका, टो करून न्या. सीट आणि कार्पेट काढून उन्हात वाळवावं लागतं. जुनी गाडी घेताना कार्पेट उचलून वास आणि चिखल जरूर तपासा. आत परफ्यूमचा फारच घमघमाट असेल तर अजून बारकाईनं बघा.

रोजची सवय

घर यायच्या तीन-चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा, ब्लोअर चालू ठेवा. कॉईल बरीचशी वाळते. धुळीच्या रस्त्यावर आतलीच हवा फिरवणारं बटण लावा, पण धूळ संपली की बाहेरची हवा घ्या. दावतीचं जेवण किंवा दूध नेताना सांडलं तर त्याच दिवशी पुसा. मुलांना शाळेत नेणाऱ्या व्हॅनवाल्या भाईंनी पावसाळ्याच्या तोंडावर फिल्टर आणि नळी तपासून घ्यावी. त्या गाडीत मुलं रोज बसतात, आणि तीच हवा त्यांच्या छातीत जाते.