मॅगझिन बदलायला वेळ नव्हता

पाच आठवडे आधी. ४ जून १९४४ ला रोम पडलं. जर्मन सेनापती केसेलरिंग पळत नव्हता, मोजून मागे सरकत होता. उत्तरेची संरक्षक फळी पुरी होईपर्यंत प्रत्येक डोंगरकडा थोडा थोडा वेळ अडवायचा, एवढाच त्याचा बेत. या विकत घेतलेल्या वेळाची किंमत मोजणाऱ्यांत रायगडचा, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचा एक मुलगा होता.

आठवडाभर आधी. दहावी भारतीय डिव्हिजन टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात चढत होती. तिचे प्रमुख मेजर जनरल डेनिस रीड यांनी १९४१ मध्ये इरिट्रियात, केरेनच्या लढाईत, ज्या पलटणीचं नेतृत्व केलं होतं तीच तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, आता त्यांच्या हाताखाली होती. तिच्यात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे. दोन फिती, एक सेक्शन, वय बावीस.

१० जुलै, हल्ल्याआधी. कंपनीला समोरचं भक्कम ठाणं घ्यायचं होतं. माणगावकडे या दिवसांत भाताची लावणी चालते. इटलीत उन्हाळा असतो. उघड्या उतारावर माणूस लांबूनही दिसतो.

पहिला क्षण. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. जर्मनांची त्या काळची एमजी-४२ मिनिटाला हजारावर गोळ्या ओकायची. सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले. उभा राहिला तो फक्त नाईक.

दुसरा. मागून कोणी येणार नाही हे त्याला माहीत होतं. तो धावला. पहिला हातबॉम्ब, मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गप्प.

तिसरा. टॉमीगनने ताफ्यातला आणखी एक पाडला.

चौथा. इथे थांबलं पाहिजे. व्हिक्टोरिया क्रॉसच्या प्रशस्तिपत्रात घड्याळातला एकही आकडा नाही; वेळेचा उल्लेख येतो तो एवढाच, की मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. टॉमीगनच्या पेटीत वीस किंवा तीस गोळ्या. घोडा दाबून धरला तर दोन-तीन सेकंदांत ती रिकामी. नवी पेटी चढवायला लागणारे सेकंद समोरच्या दोघांनी दिले नसते. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना मारलं. शौर्यकथांत हे वाक्य गुळगुळीत करून सांगतात. ते तसं नाही. ते हाताच्या अंतरावरचं मारणं आहे, आणि मारणारा बावीस वर्षांचा होता.

पाचवा. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात तो मेला.

त्यानंतर. बारा दिवसांनी, २२ जुलैला, खोऱ्यातलं चित्ता दि कास्तेल्लो हाती आलं. २ नोव्हेंबरला लंडन गॅझेटमध्ये पदक जाहीर झालं. नाव कसिनोच्या स्मारकावर कोरलं गेलं. माणगावात पुतळा आहे. श्रीवर्धन-दिवेआगरच्या समुद्राकडे वळणाऱ्या किती गाड्यांना तो ठाऊक असतो, कोण जाणे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्याच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. इटलीच्या मोहिमेत दिलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांना मिळाले. त्यांतला हा एक.