रोह्याच्या पुढचा एकेरी मार्ग आणि २६ सेकंद

आजचा भाग पेण-रोह्याच्या श्रोत्यांना जरा जास्त जवळचा वाटेल. पनवेलहून सुटलेली गाडी पेण, नागोठणे करत रोह्याला येते. तिथे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते, ती कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत, ७४१ किलोमीटर. २६ जानेवारी १९९८ ला हा अख्खा मार्ग खुला झाला, तेव्हा तो एकेरी होता. रोहा ते वीर हा पट्टा दुहेरी व्हायला २०२१ उजाडलं. एकेरी मार्ग म्हणजे काय, ते गणपतीला गावी जाणाऱ्यांना सांगायला नको. 'क्रॉसिंग आहे' म्हणून गाडी उभी राहते, ती उभीच.

पण क्रॉसिंगचा नियम कुठे चुकला तर?

२ ऑगस्ट १९९९ च्या मध्यरात्रीनंतर पश्चिम बंगालमधल्या गैसल स्टेशनात अवध आसाम एक्स्प्रेस आणि ब्रह्मपुत्रा मेल एकाच रुळावर समोरासमोर आल्या. २८५ हून जास्त माणसं गेली. रेल्वेमंत्री नितीश कुमार यांनी राजीनामा दिला. त्यानंतर कोकण रेल्वेत, बी. राजाराम या अभियंत्याच्या पुढाकाराने, टक्कररोधक यंत्राचं काम सुरू झालं. त्याचं नाव 'रक्षा कवच'.

ते कळायला थोडं मागे जाऊ, १६४४ मध्ये. देकार्तने मांडलं होतं की जगातली एकूण गती कायम राहते. पण तो मोजताना दिशा धरत नव्हता. १६६८-६९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरीचे नियम विचारले, तेव्हा वॉलिस, रेन आणि हायगेन्स या तिघांनी उत्तरं पाठवली. त्यातून पक्कं होत गेलं की दिशा धरायलाच हवी: एकाला अधिक म्हटलं, तर समोरच्याला उणे. नववीच्या विज्ञानात आपण 'संवेग अक्षय्यता' म्हणून पाठ करतो, ते हेच.

आता हे रुळावर आणू. समजा, १,००० टनांच्या दोन सारख्या गाड्या ताशी १०० किलोमीटरने समोरासमोर येतायत. एकीचा संवेग अधिक, दुसरीचा तेवढाच उणे. बेरीज शून्य. धडकेनंतर दोन्ही जागीच थांबल्या तरी संवेगाचं गणित चोख बसतं. आणि इथेच खरी मेख आहे. संवेग सदिश आहे, म्हणून एकमेकांत वजा होतो. ऊर्जा तशी वजा होत नाही. दोन्ही गाड्यांची मिळून गतिज ऊर्जा येते साधारण २१४ युनिट वीज. एखाद्या घराचं महिन्या-दोन महिन्यांचं बिल म्हणा! आकडा ऐकून हसू येईल, पण ती सगळी काही क्षणांत डब्यांच्या पत्र्यात आणि आतल्या माणसांत शिरते.

मग बचाव कशात? वेळेत. ब्रेक संवेग नाहीसा करत नाही, तो रुळांमार्फत सावकाश पृथ्वीला देतो. प्रतिसेकंद अर्धा मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी केला, तर गाडीला थांबायला सुमारे ५६ सेकंद आणि ७७० मीटर लागतात. दोन्ही मिळून दीड किलोमीटरच्या वर. रक्षा कवचची यंत्रं जीपीएसवरून आपली जागा ओळखून साधारण ३ किलोमीटरवरून रेडिओने एकमेकांशी बोलायची आणि धोका दिसला की स्वतःच ब्रेक लावायची. तीनातून दीड वजा करा. उरलेलं अंतर या दोन गाड्या मिळून २६ सेकंदांत कापतात. संदेश पोचणं, निर्णय घेणं, ब्रेक लागणं, सगळं त्या २६ सेकंदांत. माझं काम कोड लिहायचं. सर्व्हर हळू चालला तर आमच्याकडे लोक पान रिफ्रेश करतात. इथे रिफ्रेशचं बटण नाही.

अडचण आली ती भौतिकशास्त्रात नाही, माहितीत. शेजारशेजारच्या दोन मार्गांत अंतर साधारण ५ मीटर, आणि जीपीएसची चूकही काही मीटरची. समोरची गाडी आपल्याच रुळावर आहे की बाजूच्या, हेच नक्की कळेना, तर ब्रेक लावायचा कधी? आजच्या 'कवच' प्रणालीत त्यासाठी रुळांमध्ये आरएफआयडी टॅग बसवतात. मार्च २०२२ मध्ये सिकंदराबाद विभागात रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव स्वतः इंजिनात बसले आणि समोरच्या इंजिनापासून ३८० मीटरवर गाडी आपोआप थांबली.

पण सगळे अपघात दोन गाड्यांचे नसतात. ४ मे २०१४ ला नागोठणे आणि रोह्याच्या मध्ये, निडी गावाजवळ, दिवा-सावंतवाडी पॅसेंजर घसरली. वीसच्या आसपास माणसं गेली. समोर दुसरी गाडी नव्हतीच, त्यामुळे असं यंत्र कुणाला इशारा देणार? गाडी घसरते तेव्हा पुढचे डबे अडतात, मागच्यांचा संवेग मात्र शिल्लक असतो, आणि एकाच गाडीचे डबे एकमेकांवर आदळतात. एलएचबी डब्यांची जोडणी मुद्दाम अशी केलेली असते की एक डबा दुसऱ्यावर चढू नये.

संवेग कुठेतरी जाणारच, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी ठरलं. तो कुठे जाऊ द्यायचा आणि किती वेळात, एवढंच आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी गाडी क्रॉसिंगला अडकली की शिव्या घालायच्या आधी दीड किलोमीटरचा हिशोब आठवा. आणि तोवर हा भाग गाडीतल्या शेजाऱ्याला ऐकवा. भेटूच!