‘जाग’ कोणाची, झोप कोणाची?

‘जाग’ हा झोपेच्याच घरातला शब्द. संस्कृत ‘जागृ’, प्राकृत ‘जग्ग’, मराठी ‘जागणे’. इतके फळ्यावर लिहून मी वर्षानुवर्षे मोकळा होत आलो. परवा नंदुरबारच्या वर्गात एका भिल्ल विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग जागल्या म्हणजे काय? माझ्या पणजोबांना गाव त्याच नावाने हाक मारायचं.”

‘जागल’ म्हणजे रात्रीची राखण आणि ती करणारा तो जागल्या. खानदेशात हे काम बहुधा भिल्लांकडे असे. वेशीवरचे काम महारांकडे, म्हणून तो वेसकर, बोलीत येसकर. माझे आजोबा येसकर होते. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढीत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत न्यायचा. माग लागला नाही तर जाब त्यालाच. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला आणि १८२५ साली औट्रमने भिल्लांची पलटण उभारली. ज्यांना लुटारू म्हणून बदनाम केले, त्यांच्याच हाती पुन्हा राखण दिली! गाव निर्धास्त झोपे, कारण त्याच्या वाटणीचे जागणे काही जातींच्या अंगावर टाकलेले होते.

भाषेने त्यावर कडी केली. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ म्हणजे इमान राखणे. हा वाक्प्रचार कोणी घडवला ते सोडा, तो कोणाला ऐकवला जाई ते पाहा. धन्याने चाकराच्या मिठाला जागल्याचे मी तरी कधी ऐकले नाही.

या जागण्याला तासांचा हिशेबच नव्हता. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात मांडले, तेव्हा त्यांनी नेमके यावर बोट ठेवले: महार वतनदार रात्रंदिवस सरकारचा बांधलेला, तो हजर नसेल तर घरच्या माणसाने जायचे. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. पुढेही शहादा-तळोद्याकडचा सालदार मालकाच्या गोठ्यात, हाकेच्या टप्प्यातच झोपत होता. १९७२ साली तिथे श्रमिक संघटना उभी राहिली, ती अशाच माणसांची.

विद्यार्थ्याला मी हे सारे सांगितले. एक मात्र सांगायचे राहिले. वतन गेल्यावरही आजोबा मध्यरात्री दचकून उठून बसत आणि आजीला विचारत, “कोनी हाक मारी का?”