थांबण्याची सोय : सावित्रीचा पूल आणि जाळ्यातील एकटे यंत्र

१/ महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूर आणि महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. मुंबई-गोवा महामार्ग महाडजवळ ही नदी पार करतो. ब्रिटिश राजवटीत, १९२८ साली, येथे दगडी कमानींचा पूल उभारला गेला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महापुरात तो कोसळला. मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी बस आणि इतर वाहने प्रवाहात नाहीशी झाली. सुमारे चाळीस माणसांचा बळी गेला.

२/ या दुर्घटनेमागे एक जुना प्रश्न उभा आहे. अहोरात्र वापरात असलेली वस्तू दुरुस्तीसाठी बंद कधी ठेवायची आणि तोवर तिचे काम कोणी करायचे? संगणकांची जाळी सांभाळणाऱ्यांना हाच प्रश्न वारंवार पडतो, विशेषतः राउटरचे सॉफ्टवेअर बदलताना.

३/ राउटर हा जाळ्यातील चौक. आलेली माहिती कोणत्या वाटेने पुढे धाडायची, हे तो ठरवतो. सॉफ्टवेअर जुने झाले की त्यातील उणिवा घुसखोरांना वाट करून देतात. म्हणून ते बदलावेच लागते. मोठ्या राउटरमध्ये बहुधा दोन नियंत्रक असतात. एक काम करत राहतो, दुसरा नवे सॉफ्टवेअर घेऊन सिद्ध होतो आणि मग सूत्रे त्याच्याकडे जातात.

४/ नियंत्रक एकच असेल, तर नवी प्रत उतरवून यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. ते सुरू होईपर्यंत सारी वाहतूक ठप्प. नव्या प्रतीत दोष निघाला, तर ते सुरू होईलच याची शाश्वती नाही. म्हणून जाणते लोक वर्दळ नसलेली रात्रीची वेळ निवडतात, सर्वांना आधी कळवतात, जुनी प्रत आणि सर्व मांडणीची नक्कल जपून ठेवतात आणि यंत्राशेजारी माणूस बसवतात. पुढे जाण्याआधी मागे फिरण्याची वाट आखलेली असते.

५/ या शहाणपणाचा उगम राउटरच्या पूर्वजापाशी सापडतो. १९६९ साली अमेरिकेत अर्पानेट हे जाळे सुरू झाले. त्यातील केंद्रांवर आयएमपी नावाची यंत्रे बसवली होती. एखाद्या आयएमपीची स्मृती बिघडली, तर तारेवरून शेजारच्या आयएमपीकडून त्याला कार्यक्रमाची नवी प्रत घेता येई. यंत्र एकटे असले तरी त्याला शेजार होता.

६/ २७ ऑक्टोबर १९८० रोजी मात्र हा शेजारच अडचण ठरला. यंत्रातील बिघाडामुळे एका आयएमपीच्या नावाचे तीन सदोष संदेश जाळ्यात पसरले. त्यांचे क्रमांक असे होते की पहिल्यापेक्षा दुसरा नवा, दुसऱ्यापेक्षा तिसरा आणि तिसऱ्यापेक्षा पुन्हा पहिलाच नवा भासे. यंत्रे ते एकमेकांना अखंड पाठवत राहिली आणि अर्पानेट काही तास निकामी झाले. एखादे यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, तरी शेजारी त्याच्या हाती तेच संदेश देई. अखेर त्या आयएमपीच्या नावाने येणाऱ्या संदेशांकडे दुर्लक्ष करणारी दुरुस्ती यंत्रांमध्ये घालावी लागली. मगच जाळे सावरले. शेजाऱ्याला तोच रोग जडला असेल, तर तो आधार उरत नाही.

७/ आता पुन्हा सावित्रीकाठी. येथे पूल एकटा नव्हता. ब्रिटिशकालीन पुलाला समांतर असा नवा पूल आधीच बांधलेला होता. एकावरून मुंबईकडची, तर दुसऱ्यावरून गोव्याकडची वाहतूक चाले. दोन्ही पूल रोजच्या कामाला जुंपलेले होते आणि त्यांपैकी एकालाही कोणी राखीव मानत नव्हते.

८/ दुर्घटनेनंतर शासनाने दिलेल्या माहितीनुसार, जुन्या पुलाची पाहणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली होती आणि तो सुरक्षित ठरवला गेला होता. तो कोसळल्यावर तपासणी करून दुसऱ्या पुलावरून दोन्ही दिशांची वाहतूक सोडण्यात आली. म्हणजे जुना पूल बंद ठेवणे गैरसोयीचे होते, अशक्य नव्हते. रांगा लागल्या असत्या, वेळ गेला असता; परंतु रस्ता चालू राहिला असता. ८८ वर्षांच्या त्या पुलाला निवृत्त करण्याचा निर्णय माणसांनी घेण्याआधीच पुराने घेतला.

९/ त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि ५ जून २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. इतक्या वेगाने पूल उभारता येतो, हे जसे अभिमानाचे, तसेच अस्वस्थ करणारे आहे. ही तत्परता दुर्घटनेची वाट पाहत का थांबली होती?

१०/ जाळ्याचा रखवालदार मध्यरात्री दहा मिनिटांची खोळंबा होण्याची सूचना धाडतो, तेव्हा लोक कुरकुरतात. ठरवून घेतलेल्या थांब्याची किंमत आधी कळते आणि मोजता येते. न ठरवता आलेल्या थांब्याची किंमत महाडने त्या ऑगस्टमध्ये नदीपात्रात शोधली. ती शोधमोहीम कित्येक दिवस चालली.