वरचे सव्वाशे



औषधांच्या दुकानात '६२५' या नुसत्या आकड्याने ओळखली जाणारी एक गोळी आहे. यवतमाळपासून मुंबईपर्यंत कोठेही जा, 'सहाशे पंचवीस' म्हटले की दुकानदाराला पुढे काही सांगावे लागत नाही. या आकड्याची फोड मात्र फार थोड्यांनी केलेली असते. त्यातले ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिनचे, म्हणजे पेनिसिलिनच्या कुळातील औषधाचे. उरलेले १२५ मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक आम्लाचे. हे आम्ल एकटे दिले तर रोगजंतूंवर त्याचा प्रभाव अगदी नाममात्र पडतो. मग ते गोळीत घातले कशासाठी? या वरच्या सव्वाशेचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीत पेनिसिलिन सापडले, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिची उत्तरकथा तितकी परिचित नाही. बारा वर्षांनी ऑक्सफर्ड येथे फ्लोरी आणि चेन यांनी त्या द्रव्याला औषधाचे रूप देण्याचा उद्योग चालविला होता. डिसेंबर १९४० मध्ये एब्राहम आणि चेन यांनी एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. काही जंतूंच्या अंगी पेनिसिलिनचा नाश करणारे एक विकर असते, असे त्यात म्हटले होते. त्याला त्यांनी पेनिसिलिनेज हे नाव दिले. पेनिसिलिनचा उपचार त्यांनी ज्याच्यावर प्रथम केला, तो पोलीस शिपाई त्यानंतर, फेब्रुवारी १९४१ मध्ये, त्यांच्या हाती आला. औषध रोग्याच्या अंगात जाण्यापूर्वीच त्याचा वैरी ठाऊक झालेला होता!

यात नवल मानण्याचे कारण नाही. बुरशी आणि जंतू मातीत युगानुयुगे शेजारी नांदत आणि भांडत आले आहेत. शस्त्र तेथेच घडले आणि ढालही तेथेच घडली. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. जंतू आपल्या अंगाभोवतीची भिंत बांधीत असताना हे कडे त्या बांधकामात अडकते; भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटून मरतो. विकर नेमके ते कडेच उघडून टाकते, आणि औषध निकामी होते.

युद्ध संपले आणि पेनिसिलिनचा वापर सर्वत्र सुरू झाला. लंडनच्या एका रुग्णालयात मेरी बार्बर यांनी पू करणाऱ्या जंतूंची वर्षानुवर्षे तपासणी केली. १९४८ पर्यंत त्यांतील निम्म्याहून अधिक जंतू पेनिसिलिनला दाद देईनासे झाले होते. आपल्याकडे तर पेनिसिलिन तेव्हा परदेशातूनच येत असे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे उत्पादन सुरू झाले. स्वतंत्र देशाने हे औषध घरी बनवावयास घेतले, त्याच काळात जंतू त्याला पचवावयास शिकत होते.

शास्त्रज्ञांपुढे दोन वाटा होत्या. एक, विकराला तोडता येणार नाही असे नवे औषध घडविणे. या वाटेने १९६० साली मेथिसिलिन वापरात आले. परंतु त्यालाही न जुमानणारे जंतू ब्रिटनमध्ये १९६१ सालीच आढळले. दुसरी वाट अशी, की औषध तेच ठेवून विकराचेच हात बांधावयाचे.

इंग्लंडमधील बीचम कंपनीच्या संशोधकांनी ही दुसरी वाट धरली. त्यांची युक्ती साधी होती. एका बशीत पेनिसिलिन मिसळलेल्या खाद्यावर विकर बाळगणारे जंतू वाढवावयाचे. ते पेनिसिलिन फस्त करून सुखाने वाढतात. आता त्यात मातीतल्या निरनिराळ्या सूक्ष्मजीवांचा अर्क सोडावयाचा. ज्या अर्काभोवती जंतू मेले, त्याने विकराला अडविले असले पाहिजे. शेकडो नमुन्यांतून हे द्रव्य हाती लागले ते स्ट्रेप्टोमायसीस क्लॅव्युलिजेरस या जीवाकडून. तो मुळात दक्षिण अमेरिकेच्या मातीतला. १९७६ साली क्लॅव्युलॅनिक आम्लाची रचना जाहीर झाली आणि १९८१ साली अमॉक्सिसिलिनच्या जोडीने ते ब्रिटनमध्ये विक्रीस आले. त्याचा तोंडवळा पेनिसिलिनसारखाच असतो. विकर फसून त्याला पकडते आणि कुलपात किल्ली मोडून बसावी तसे अडकून पडते. तेवढ्या अवधीत अमॉक्सिसिलिन आपले काम उरकते.

सल्बॅक्टम, टॅझोबॅक्टम ही भावंडे मागाहून आली. पण जंतूही थांबले नाहीत. २००८ साली दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात जस्ताच्या बळावर चालणारे नवे विकर सापडले. त्याच्यापुढे क्लॅव्युलॅनिक आम्लाचे काही चालत नाही. आपल्या महाराष्ट्रात, पूर्वीच्या औरंगाबादेत, वोक्हार्टच्या संशोधकांनी झिडेबॅक्टम हे द्रव्य तयार केले ते अशाच दुर्धर जंतूंसाठी. ते जंतूच्या भिंत बांधणाऱ्या यंत्रणेलाच दुसऱ्या बाजूने पकडते आणि सेफेपाइम या जोडीदाराला बळ देते. त्याच्या चाचण्या अनेक देशांत झाल्या आहेत.

म्हणजे नवा पाठीराखा सापडतो. मात्र त्याला पुष्कळ वर्षे लागतात, आणि जंतूला पुष्कळदा एक वर्षही पुरते. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनीच बजावले होते, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. आजही सर्दीपडशाला '६२५'च्या दोनचार गोळ्या चिठ्ठीवाचून घेतल्या जातात. सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते, आणि विषाणूंना या औषधाने पाडावी अशी भिंतच नसते! दोष एकट्या रोग्याचा नाही. रोजी बुडवून दवाखाना गाठणे ज्याला परवडत नाही, तो दुकानाचीच पायरी चढणार. त्याच्या आवाक्यात डॉक्टर आणून देणे हा या प्रश्नाचा अर्धा उपाय होय.

उरलेल्या अर्ध्याविषयी वणी तालुक्यातील या राजूर गावाला, कोळशाच्या खाणीच्या गावाला, मी काय सांगावे? जमिनीखालच्या खाणीत छत तोलण्यासाठी कोळशाचेच खांब राखून ठेवतात. तो कोळसाही जळतो, त्यालाही भाव येतो. तरी मनास येईल तेव्हा त्याला हात लावावयाचा नसतो, कारण त्याखाली माणसे काम करीत असतात. डॉक्टरांनी सांगावे तेव्हाच, सांगतील तितक्याच मात्रेने आणि तितकेच दिवस ही औषधे घेणे, हे तसेच खांब राखणे आहे. बाळंतिणीचा ज्वर, लेकराचा न्यूमोनिया, खाणीतल्या अपघाताची चिघळलेली जखम, यांवरचे छत त्या खांबांवर तोललेले आहे.